शेऱ्याला उत्तर

माझ्याविषयीचा पहिला लेखी अभिप्राय मी दुसरीत असताना प्रगतिपुस्तकात उमटला. ‘हुशार आहे, पण बडबड फार.’ यातला पहिला भाग वडिलांनी वाचल्याचं मला आठवत नाही. ‘पण’च्या पुढचा मात्र त्यांनी इतक्या मोठ्यानं वाचला, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मग त्यांनी पालकांच्या रकान्यात सही ठोकली. मास्तरांना रकाना होता, वडिलांना रकाना होता; ज्याच्याविषयी हे सारं चाललं होतं त्याला तेवढा नव्हता. असता तर मी लिहिलं असतं, की बडबड एकट्यानं होत नाही. शेजारचाही दर वेळी उत्तर देत होता.

पुढं मी स्वतःच मास्तर झालो आणि तेहेतीस वर्षं तांबड्या शाईनं या गोष्टीचा सूड उगवला. ‘अक्षर सुधारा’, ‘समास सोडा’, ‘शुद्धलेखन!’ असे शेरे मी किती वह्यांवर मारले असतील याची गणती नाही. शेरा मारण्यात एक सुख आहे. तो मारायला फारसं ज्ञान लागत नाही, उंच खुर्ची लागते.

निवृत्त होऊन शेळगावात येऊन राहिलो. बारामतीहून इंदापूरकडे जाताना लागणारं हे आमचं गाव. इथं निवृत्त माणूस एक तर देवाला लागतो, नाही तर जुन्या गॅझेटियरला. मी दुसऱ्याला लागलो. त्यामुळं घरात माझ्याशी कोणी इतिहासावर बोलत नाही. सौभाग्यवती तर ‘अठराशे’ एवढा आकडा तोंडातून निघाला की भाजी निवडायला घेतात.

अशा वेळी भाचा आला. माझ्या आतेबहिणीचा मुलगा. पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत असतो. आल्यावर ओसरीवर बसून त्यानं मांडीवरचा कॉम्प्युटर उघडला आणि मी आपलं म्हणून विचारलं, “सध्या काय चाललंय?”

“कमेंट्सचे कंपोनंट्स करतोय, मामा. थ्रेडेड. नोटबुकसाठी.”

एवढ्या वाक्यात मराठी असा एकच शब्द होता, तो म्हणजे ‘मामा’. त्याला धरून मी म्हटलं, “नीट सांग.”

त्यानं खरंच नीट सांगितलं. ही नोटबुक म्हणजे कॉम्प्युटरवरची वही. तिच्यात एकाखाली एक चौकोन असतात. एकात मजकूर, दुसऱ्यात गणित करायची आज्ञा, आणि तिच्या खाली लगेच उत्तर, नाही तर आलेख. वरचा आकडा बदलून आज्ञा पुन्हा चालवली की उत्तरही बदलतं.

“म्हणजे वही स्वतःच गणित सोडवते?”

“हो.”

“आमच्या वेळी शेजारचा सोडवायचा.”

अशा वह्यांमधली एक प्रसिद्ध वही म्हणजे ज्युपिटर. फर्नांडो पेरेझ नावाच्या कोलंबियात जन्मलेल्या आणि अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यानं २००१ साली आपल्या सोयीसाठी काहीतरी लिहायला घेतलं, त्यातून २०१४ साली ही वही निघाली. तिच्या स्पेलिंगमध्ये ज्यूलिया, पायथन आणि आर या कॉम्प्युटरच्या तीन भाषा दडवल्या आहेत. शिवाय गॅलिलिओला केलेला नमस्कार आहे. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओनं दुर्बिणीतून गुरूच्या आसपास ठिपके पाहिले. रोज रात्री गुरूचं वर्तुळ काढायचं, शेजारी ठिपके मांडायचे आणि बाजूला दोन शब्द लिहायचे, असा त्याचा क्रम होता. ते ठिपके गुरूचे चंद्र निघाले. एकाच कागदावर आकृती, मोजमाप आणि शेरा होता, म्हणून ते दुसऱ्याला पटवता आलं.

“आता अशी वही चौघंजण मिळून वापरतात,” भाचा म्हणाला. “एकानं गणित मांडलं, दुसऱ्याला शंका आली, तर ती त्याच चौकोनाला चिकटवून लिहिता आली पाहिजे. पहिल्यानं तिच्या खाली उत्तर द्यायचं, तिसऱ्यानं त्याच्या खाली. सगळी माळ एका जागी राहिली पाहिजे. तो थ्रेड.”

“आणि कंपोनंट?”

“मजकुराला वेगळी, गणिताला वेगळी, आलेखाला वेगळी अशी सोय करत बसायचं नाही. एकच तुकडा असा घडवायचा, की कुठंही बसला पाहिजे.”

हे मला चटकन कळलं. आमच्याकडे गावकीची भांडी असतात. तेच पातेलं लग्नाला, तेच बारशाला, तेच तेराव्याला. पातेल्याला प्रसंग विचारावा लागत नाही. आणि माळेचं म्हणाल, तर सौभाग्यवतींच्या स्मरणात आमच्या लग्नातल्या पंगतीविषयी माझ्या काकांनी केलेली एक कमेंट चौकोनाला चिकटून बसलेली आहे. तिच्याखाली गेली चाळीस वर्षं उत्तरं पडताहेत. त्यातलं एकही माझं नाही.

पण भाचा पुढं बोलत असताना मला सारखं वाटत होतं, की चौकोन, प्रत्येकात आकडा, आकड्याला चिकटलेली खूण आणि शेवटी बेरीज हे मी कुठंतरी पाहिलेलं आहे. आणि एकदम आठवलं. म्हटलं, “अरे, तुझ्या त्या वहीचा पणजोबा आपल्या इंदापूर तालुक्यातला आहे!”

सौभाग्यवतींनी गवारीची टोपली जवळ ओढली.

पेशवाई गेली आणि इंग्रज सरकारला प्रश्न पडला, की शेतसारा घ्यायचा किती? प्रिंगल नावाच्या साहेबानं पुणे जिल्ह्यात मोजणी केली. विलायतेत ज्या कॉलेजात माल्थस अर्थशास्त्र शिकवत असे तिथं हा शिकलेला; डोक्यात सिद्धांत पक्का. प्रत्येक जमिनीचं उत्पन्न काढायचं, त्यातून खर्च वजा करायचा आणि जे निव्वळ उरेल त्याचे ५५ टक्के सरकारनं घ्यायचे. कागदावर यापेक्षा न्यायाचं काही नव्हतं. १८३० साली हे इंदापुरात लागू झालं आणि गणित फसलं. उत्पन्नाचे आकडे फुगलेले, हाताखालच्या लोकांनी हवे तसे फिरवलेले, त्यात पाऊस दगा देणारा आणि धान्याचे भाव पडलेले. साहेबांच्या वहीत शेतकऱ्याला उत्तराचा रकाना नव्हता. मग त्यानं पायांनी उत्तर दिलं. लोकांनी जमिनी टाकल्या. काही सरळ निजामाच्या मुलखात चालते झाले.

तेव्हा १८३५ साली गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा तरुण लेफ्टनंट, असे दोघे इंदापुरात आले आणि त्यांनी मांडणीच बदलली. निव्वळ उत्पन्नाचा सिद्धांत बाजूला ठेवला. पूर्वी वसूल किती होत होता, लोकांना झेपत किती होता, बाजार किती लांब, पाऊस कसा, हे पाहून दर ठरवायचे. आणि शेताशेतातला फरक मातीवरून काढायचा. दर तीस वर्षांसाठी कायम. मुंबई इलाख्यात पुढं सगळीकडे गेलेली सर्व्हेची पद्धत ती हीच, आणि तिची सुरुवात आमच्या तालुक्यात झाली. एरवी आमच्याकडून बाहेर गेलेल्या गोष्टींत साखरेचंच नाव घेतात.

पद्धतीचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात बांधले गेले. त्यात शेताची प्रतवारी कशी करावी ते आहे आणि ते वाचताना मास्तर म्हणून माझा जीव हरखतो. शेताचा नकाशा काढायचा. तुटक रेघांनी त्याचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात खणून पाहायचं आणि माती किती हात खोल आहे ते लिहायचं. मातीत दोष असेल तर तिथंच खूण करायची: वाळू असेल तर इंग्रजी व्ही, उतार असेल तर तिरपी रेघ, माती एकमेकीला धरून राहत नसेल तर फुली, चुनखडी असेल तर ठिपके. एक दोष म्हणजे एक वर्ग खाली. वर्ग नऊ, पहिला सोळा आण्यांचा, मग चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन आणि शेवटचा दोन आण्यांचा. उत्तम काळी माती दीड हात खोल असेल तर दुसरा वर्ग, चौदा आणे. पण तिला उतारही आहे आणि वाळूही आहे? दोन शेरे, दोन वर्ग खाली, दहा आणे. मग सगळ्या चौकोनांची सरासरी, आणि तीच त्या शेताची किंमत.

भाचा कॉम्प्युटर मिटून ऐकायला लागला होता. “मामा, म्हणजे शेरा नुसता शेजारी लिहिलेला नाही. तो उत्तर बदलतो.”

“आणि तीच तिरपी रेघ इंदापुरात चालते, धारवाडात चालते. गावकीचं पातेलं!”

“पण मग शेतकऱ्यानं, ‘साहेब, इथं वाळू नाही’ असं म्हटलं तर? ते कुठं लिहायचं?”

प्रश्न बरोबर होता. त्या सुंदर नकाशात, शेत ज्याचं त्याच्यासाठी एकही चौकोन नव्हता. तीस वर्षांची मुदत संपल्यावर इंदापुरात पुन्हा आकारणी झाली आणि दर बरेच चढले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं कापसाला आलेला भाव युद्ध संपताच उतरला होता. सारा वाढलेला, उत्पन्न घटलेलं आणि मधे सावकार. सावकाराची वही तर त्याहून एकतर्फी. तिच्यात काय लिहिलंय ते ऋणकोला वाचताही येत नसे. १२ मे १८७५ रोजी सुप्याला, म्हणजे आताच्या बारामती तालुक्यात, बाजारच्या दिवशी लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. दंगा गावोगाव पसरला. या दंग्यांत लोकांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे हिसकून घेतले आणि जाळले. ज्या लिखाणाला उत्तर लिहिता येत नाही त्याला माणूस शेवटी काडी लावतो.

सरकारनं चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात कर्जदाराला पावती मागण्याचा, हिशेब लिहून मागण्याचा हक्क आला. पुढं १९०३ च्या कायद्यानं हक्कनोंदणी आली, आणि फेरफार नावाची आमच्या खेड्यांतली सगळ्यात मोठी वाचनीय कादंबरी सुरू झाली.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. सातवर जमीन कोणाची आणि तिच्यावर आणखी कोणाचे हक्क. बारावर पीक काय, आणि शेवटी ‘शेरा’. सातबारावर नावाशेजारी एक आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. त्या क्रमांकानं फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, जायचं; तिथं हे नाव का लागलं याची हकिगत असते: अमका मयत झाला, वारस अमुक, वर्दी अमक्यानं दिली. मग संबंधितांना नोटीस जाते, चावडीवर प्रत लागते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस वाट पाहतात. हरकत आली तर तिची वेगळी नोंदवही. मग मंडल अधिकारी दोन्ही बाजू ऐकणार आणि खाली लिहिणार: मंजूर, किंवा नामंजूर. त्यावर अपील. म्हणजे शेरा, त्याला उत्तर, उत्तराला हरकत, हरकतीवर निकाल, आणि सगळं एका क्रमांकाला बांधलेलं.

“थ्रेड,” भाचा म्हणाला.

“आणि त्यात खाडाखोड नाही. माणूस गेला म्हणून त्याचं नाव पुसत नाहीत. नावाला कंस करतात. आमच्याकडे माणूस दोनदा जातो. घरी खांदा देतात आणि सातबारावर कंस.”

भाच्याला हे फारच आवडलं. त्यांच्या कंपनीत यावरून वाद चालला होता म्हणे. शंका मिटली की ती माळ काढून टाकायची, का नुसती मिटवून ठेवायची? मी त्याला सांगितलं, की २०२० साली सातबाराचा नमुना सुधारला तेव्हा कंसाऐवजी आडवी रेघ मारायचं ठरलं. पण रेघेखालचं नाव वाचता येतंच. “माणूस मिटवला तरी वाचता आला पाहिजे, एवढं तुझ्या साहेबांना सांग.”

“आमची खरी अडचण वेगळीच आहे,” तो म्हणाला. “वहीतले चौकोन लोक वरखाली करतात, दोनाचा एक करतात. मग जुन्या चौकोनाला चिकटलेली कमेंट कुठं जाणार? ती अनाथ होते. कोणालाच दिसत नाही, पण मिटलेलीही नसते.”

“आमच्याकडेही तेच झालं की! १९४७ चा तुकडेबंदीचा आणि एकत्रीकरणाचा कायदा. तुकडे एकत्र करून जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. थांब, तुला दाखवतोच.”

इथं मी उत्साहाच्या भरात माळ्यावरची वडिलांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. माणसानं साठीनंतर शिडी चढू नये असं डॉक्टर सांगतात ते हाडांसाठी. आणखीही कारणं असतात.

ट्रंकेत पिवळे पडलेले उतारे होते. मी त्याला जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर शेजारी ठेवून दाखवला. तो बोट ठेवून एकेक रकाना वाचत होता. जुन्या उताऱ्यावर, इतर हक्काच्या रकान्यात, तो थांबला. तिथं आमच्या विहिरीचा उल्लेख होता, आणि पुढं, विहिरीत चार आणे हिस्सा, असं म्हणून एका बाईचं नाव होतं. वडिलांच्या नावासकट.

“मामा, ही तर आजी.”

त्याची आजी म्हणजे माझी आत्या. ती तरुणपणी विधवा होऊन लहान मुलगी घेऊन माहेरी आली, तेव्हा आजोबांनी तिला शेताच्या कडेचा अर्धा एकर दिला, हे मला माहीत होतं. विहिरीत चौथा हिस्सा दिला, हे मला माहीत नव्हतं. मी गट नंबरचा कागद पाहिला. तिथं तो रकाना कोरा होता. कंस नाही, रेघ नाही, काही नाही. नंबर बदलताना नोंद मागं राहिली होती. हे वडिलांना कळलं होतं का, हे आता विचारायला कोणी नाही. त्यांच्या नावाला केव्हाच कंस झाला आहे.

आमच्या रानात ऊस उभा असायचा आणि कडेच्या अर्ध्या एकरात आत्या पावसावरचा जोंधळा पेरायची. मे महिन्यात ती कधी कधी विहिरीच्या काठाशी यायची. वाकून बघायची आणि वडिलांना विचारायची, “पाणी आहे का रे?” वडील म्हणायचे, “आहे की.” पुढं वडील गेल्यावर ती मलाही विचारायची, आणि मीही तेच म्हणायचो. मला वाटायचं, म्हातारी हवापाण्याचं बोलते आहे. मास्तर असून मला तो प्रश्न कळला नाही. ती हवापाण्याचं बोलत नव्हती, पाण्याचंच बोलत होती. कागद तिला वाचता येत नव्हता. पण त्यात काय लिहिलंय ते तिला ठाऊक होतं, आणि आम्ही विचारू याची ती वाट पाहत होती.

भाचा काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं एवढंच म्हणाला, “हा थ्रेड उघडाच आहे, मामा.”

गवार निवडून संपली होती. सौभाग्यवती टोपली घेऊन उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, “चार आण्यांचा हिस्सा म्हणजे चारातली एक पाळी. गुरुवारपासून पाणी तिकडं सोडा. कागदाचं काय ते मग तुम्ही दोघं बसून करा.” गोल्डस्मिड आणि विंगेट यांना जे जमायला बारा वर्षं लागली ते हिनं स्वयंपाकघराच्या दारात उरकलं.

पाणी गुरुवारी सोडलं. कागदाला वेळ लागतो आहे, आणि लागावा हेही मला पटलं आहे. पंधरा दिवस थांबून दुसऱ्याचं म्हणणं ऐकायची रीत मिळवायला या तालुक्याला बरंच सोसावं लागलेलं आहे. अर्ज मी स्वतः लिहिला. तेहेतीस वर्षांत हजारो अर्जलेखनं तपासली असल्यामुळं मायना चोख होता. विषय, संदर्भ, जुना सर्व्हे नंबर, नवा गट नंबर, सर्व काही. तो टाईप करून घ्यायला ई-सेवा केंद्रात गेलो. तिथं बसणारा मुलगा माझाच विद्यार्थी. त्याच्या वहीवर मी किती वेळा ‘शुद्धलेखन!’ लिहिलं असेल ते त्यालाच माहीत.

त्यानं अर्ज वाचला. पुन्हा वाचला. मग खिशातलं पेन काढून, अत्यंत आदरानं, एका शब्दाभोवती गोल केला.

“सर, ‘विहिरित’ लिहिलंय तुम्ही. री दीर्घ पाहिजे.”

मी चष्मा लावून पाहिलं. त्याचं बरोबर होतं. दुरुस्त केलं आणि समासात सही केली.